उभीचं अंग

देव माणसाला अंग देतो ते कायमचं देत नाही, वापरायला देतो. लहानपणी एक देतो, भरात आल्यावर दुसरं, आणि मग कुणाला चाहूल लागणार नाही अशा बेतानं तेही बदलत नेतो. बाई रोज आरशात बघते आणि काल दिसली तीच तिला आज दिसते. मग कधीतरी सहज खांद्यावर हात जातो, तिथं पट्टीची खाच पडलेली असते. ती खाच सांगते, बाई गं, ज्या अंगाचे कपडे तू घालतेयस ते अंग केव्हाच परत गेलं.

अशा खाचा घेऊन बायका वहिनीकडे येत. वहिनी काही साऱ्या जगाची वहिनी नव्हती. नणंद तिला दिवसभर वहिनी म्हणून हाका मारी, ते ऐकून गिऱ्हाइकंही म्हणू लागली. आता साठी उलटल्यावर आपल्याला दुसरंही काही नाव होतं हे तिला आठवावं लागे.

दुकान लहानसंच. पुढं काउंटर, मागं शिवणाची खोली, मधे पडदा लावलेली मापाची खोली. ब्रा, बॉड्या आणि आतले कपडे मापानं शिवून मिळतील, अशी पाटी. मोठ्या दुकानांच्या भिंतींवर विशीतल्या पोरींचे फोटो असतात, ते बघून साठीची बाई आपली पिशवी छातीशी धरून बाहेर पडते. ती मग विचारत विचारत इथं येई.

त्या दिवशी सकाळी शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या होत्या. पडद्याआड उभ्या राहून म्हणाल्या, "माप कशाला? माझा नंबर ठरलेला आहे. लग्नापासून तोच घालतेय."

"लग्नातल्या चपला आहेत का अजून पायात?" वहिनीनं विचारलं.

"त्या कशाला असतील?"

"मग याच बिचारीनं काय पाप केलंय? जरा पुढं वाका. हां. सगळं कपात उतरू दे. काखेतलं पण आत घ्या, ते तुमचंच आहे, परकं नाही."

शाळेच्या बाई टेपच्या फेऱ्यात अडकून हसायला लागल्या. वहिनीनं पाठीमागे बोट घालून पट्टा तपासला. "हा पाठीवर आडवा सरळ राहिला पाहिजे. वर चढायला लागला की समजायचं, सैल आहे. हुक सगळ्यात बाहेरच्या घरात लावायचा. कापड सैलावेल तसं एकेक घर आत यायचं. आणि बाई, भार खांद्यांनी उचलायचा नसतो. खालच्या पट्ट्यानं उचलायचा. खांदे नुसते सोबतीला."

"आमच्या घरात तर सगळा भार खांद्यांनीच उचललाय हो."

"म्हणूनच म्हणते, इथं तरी नको."

बाहेरून काउंटरवरून नणंदेचा आवाज आला. "वहिनी, त्यांना कपाखाली तार घालू नकोस. तार म्हणजे तुरुंग."

नणंद म्हणजे वहिनीच्या नवऱ्याची धाकटी बहीण. वहिनी तिला वन्सं म्हणे. नात्यानं धाकटी, पण वयानं वहिनीहून थोडी मोठीच. लवकर एकटी पडली आणि माहेरी परत आली ती इथंच राहिली. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून वन्संनी सुई धरली नव्हती. बोटंही सकाळी आखडलेली असत. दिवसभर काउंटरवर बसून त्या हुकांचे डबे लावत आणि जगाला टोमणे मारत.

आणि शिवणाच्या खोलीत, खिडकीशी, उभी होती.

उभी म्हणजे कापडाची बाई. डोकं नाही, हात नाहीत, कमरेखाली लाकडी दांडा. वहिनीच्या सासूबाईंनी ती स्वतःच्या अंगावरून केली होती. जाड कापड अंगाभोवती घट्ट गुंडाळून शिवलं, पाठीवर कापून सोडवलं आणि आत कापूस भरला. बाजारातल्या डमी पाहिल्या की सासूबाई म्हणत, "या पोरी म्हाताऱ्या कधी होणार? यांच्यावर बेतलेलं आपल्याला कसं बसणार?" म्हणून स्वतःचं अंग बदललं की त्या उभीचंही बदलत. डावी कूस उसवायची, वरचा कापूस काढून खाली सरकवायचा, काखेखाली थोडा भरायचा, पोटाला थोडा, पाठीला किंचित बाक द्यायचा, आणि कूस परत शिवून टाकायची. हे काम त्या दार लोटून, देवाचं नाव घेत करत. इतर बायका वय चोरतात. सासूबाई उभीच्या अंगात वय भरत. त्यामुळेच या दुकानातली ब्रा वयस्क बाईला आईनं पाठीवरून हात फिरवावा तशी बसे.

पण याच घराची एक गंमत होती. गंमत कसली, खोडच. साऱ्या दुनियेच्या बायकांना "कुठं काचतं, कुठं दुखतं, खाली घाम येतो का" असं बिनदिक्कत विचारणाऱ्या या बायका एकमेकींच्या अंगाबद्दल चकार शब्द काढत नसत. सासू-सुना, नणंद-भावजय, सगळ्या एकमेकींकडे पाठ करून कपडे बदलत. परक्या अंगाला हात लावणं हे काम होतं. घरच्या अंगाचं नाव काढायची चोरी होती.

सासूबाईंच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. वहिनी उभीवर नवा कप बेतत असताना तिच्या बोटांना डाव्या बाजूला, आत खोल, गाठ लागली. मोठ्या मण्याएवढी, टणक. वहिनीला वाटलं, कापूस जुना झाला, गुठळी झाली. नेटकेपणा हा तिचा गुण, आणि तोच त्या दिवशी घात करून गेला. तिनं कूस उसवली, गुठळी ओढून काढली, बोटांनी पिंज पिंज पिंजली, हलका झालेला कापूस परत भरला आणि शिवण घातली.

दुपारी सासूबाई आल्या. उभीच्या डाव्या अंगावरून त्यांनी तळवा फिरवला. पुन्हा फिरवला.

"तू उसवलीस?"

"गाठ झाली होती कापसाची. पिंजून टाकली."

सासूबाईंनी नव्या शिवणीवरून नख फिरवलं. मग म्हणाल्या, "बरं केलंस. हात नेटका आहे तुझा."

पुढं दुखणं बाहेर पडलं तेव्हा हाताबाहेर गेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस कुणालाच कसं सांगितलं नाहीत?" सासूबाई छताकडे बघत पडून राहिल्या. आणि दारात औषधाची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या वहिनीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी सांगितलं होतं. ज्या एका ठिकाणी त्या कधी खोटं बोलत नसत, तिथं त्यांनी सांगून ठेवलं होतं, आणि सुनेनं ते बोटांनी पिंजून टाकलं होतं.

तो उजेड पुढं कधी विझला नाही. ही गोष्ट वहिनीनं देवाखेरीज कुणाला सांगितली नाही, आणि देवानंही ऐकून घेतलं, उत्तर दिलं नाही. उभीचं अंग तिथंच थांबलं, सासूबाईंच्या शेवटच्या वयावर. त्यानंतर तिची कूस कुणी उसवायची नाही, असं वहिनीनं बजावून ठेवलं. दुपारी मशीन बंद असली आणि खोलीत कुणी नसलं की तिला वाटे, उभीच्या गळ्यात अडकवलेली टेप वरखाली होतेय, कुणी सावकाश श्वास घेतल्यासारखी. ती मग मोठ्यानं भजन म्हणायला लागे. आवाज आपलाच, पण सोबतीला बरा.

आता वहिनीच्या घरात सून आली होती. चुणचुणीत, हसरी, फोनवर ऑर्डरी घेणारी. उभीवर तिचा राग होता.

"अहो आई, नवी डमी मागवलीय मी. स्क्रू फिरवला की लहान होते, फिरवला की मोठी. हिला आता निवृत्त करा."

"ती काय खायला मागते का तुझ्याकडे?"

"मागत नाही, पण बघते. डोकं नाही तरी बघते. मला एकटीला त्या खोलीत बसवत नाही."

काउंटरवरून वन्सं म्हणाल्या, "बघू दे की. या घरात कुणीतरी बघायला हवंच."

नवी डमी येणार त्याच्या आदल्या दुपारी वहिनीनं ठरवलं, उभीवरून एक शेवटचा नमुना उतरवून घ्यावा. रुंद पट्ट्या, बाजूला आधाराचा उंच तुकडा, आतून मऊ सुती अस्तर, असा. तिनं उभीला कापड लावलं आणि डाव्या बाजूला टाचणी खोचली.

टाचणी अडली.

वहिनीनं ती काढून परत खोचली. पुन्हा अडली. तिनं बोटं टेकवली. आत खोल, मण्याएवढी, टणक.

तिच्या तोंडात देवाचं नाव आलं आणि तिथंच थांबलं. तिनं उभीची डावी कूस उजेडाकडे वळवली. शिवणीत नवा दोरा होता, आणि टाके तिरके, खालून वर चढत गेलेले. असे टाके एकच हात घालत असे. तो हात जाऊन वर्षं लोटली होती. आणि आणखी एक दिसलं. उभीचा डावा खांदा उतरला होता. शेवटच्या दिवसांत सासूबाई तो खांदा असाच खाली सोडून बसत, दुखऱ्या बाजूची पाठराखण केल्यासारखा.

ती मागं सरली आणि कापडाच्या गठ्ठ्यावर बसली. खोलीत टेप हलत होती की खिडकीतून वारा येत होता, हे तिला ठरवता येईना. आल्या, असं तिच्या मनात आलं. परत सांगायला आल्या.

पण मग त्या भीतीच्याही खालून एक विचार वर आला, आणि तो भीतीहून वाईट होता. गेलेल्या माणसाला स्वतःच्या अंगाचं सांगण्यासारखं काय उरतं? अंग तर त्यांनी देऊन टाकलं. मग या वेळी गाठ कुणाची?

घरात बायका तीनच. ती, वन्सं आणि सूनबाई.

वहिनीनं न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि कितीतरी वर्षांनी, गिऱ्हाइकाला सांगावं तसं, स्वतःच्या अंगावरून हात फिरवला. बोटं सपाट ठेवून, काखेपासून गोल गोल. काही लागलं नाही. तिला हायसं वाटलं, आणि लगेच त्या वाटण्याची लाज वाटली. आपण नाही म्हणजे कोण, ते दोघींतच आलं.

दुसरी कुणी असती तर तिनं दोघींना समोर बसवून सरळ विचारलं असतं. वहिनीला विचारणं येत नव्हतं, शिवणं येत होतं. तिनं गाठीला हात न लावता उभीवर ती ब्रा पुरी केली. मनाशी म्हणाली, अंग उभीचं आहे, गाठ उभीत आहे. ज्या बाईला हे नेमकं बसेल, तिच्यापाशी जायचं.

पहिल्यांदा सूनबाईला बोलावलं.

"अहो आई, यात माझ्यासारख्या दोघी मावतील."

"नमुना आहे. मला फक्त बाजूचा तुकडा बघायचाय. हात वर कर."

"गुदगुल्या होतात."

"होऊ देत. हलू नकोस." वहिनीची बोटं काखेखालून सरकली. सगळं मऊ होतं, तरुण होतं, गरम होतं. तिनं मनातल्या मनात हात जोडले.

सूनबाईनं टेप तिच्या हातातून काढून घेतली. "आता तुमचं. आल्यापासून बघतेय मी, दिवसभर खांद्यावरची पट्टी वर ओढता. उभ्या राहा."

"माझं काय मेलीचं..."

"उभ्या राहा म्हटलं ना. वाका पुढं. काखेतलं पण आत घ्या, ते तुमचंच आहे." सासूचंच वाक्य सासूला सुनावून ती टेप वाचायला लागली. "आई, काय हे. कप दोन नंबर लहान, पट्टा केवढा सैल. तो पाठीवरून मानेकडे निघालाय तुमचा. बाहेर पाटी आपली, आणि दिव्याखाली अंधार."

तिनं कपाटातून एक काढून आणली, रुंद पट्ट्यांची, बिनतारेची. वहिनीनं घातली. खांद्यांवरचा काच सुटला आणि श्वास एकदम खालपर्यंत गेला. एवढा मोठा श्वास आपल्यात मावतो, हे तिला माहीत नव्हतं. आरशात तिला एक जाड, दमलेली, बरी बाई दिसली. एरवी असतं तर ती हसली असती. आज मात्र आरशाच्या कडेला, पडद्याच्या फटीतून, उभीचा उतरलेला खांदा दिसत होता.

राहिल्या वन्सं.

वन्सं काही हाती लागेनात. "माझं काय बघायचंय? वाळलेलं लाकूड." आज डोळे दुखतात, आज हुक आलेत, आज मूड नाही. नवी डमी येऊन काउंटरच्या कोपऱ्यात खोक्यासकट उभी राहिली, तरी वहिनी जुनी हलवू देईना. रोज सकाळी आल्या आल्या ती उभीच्या डाव्या अंगाला बोटं लावून बघे. गाठ असे. रोज सकाळी काउंटरवरून वन्सं तिच्याकडे बघत, आणि वहिनीनं वळून पाहिलं की हुकांच्या डब्यात बघत.

शेवटी एका दुपारी वहिनीनं दुकानाच्या दाराला आतून कडी घातली, ब्रा उचलली आणि मापाच्या खोलीचा पडदा बाजूला केला. "वन्सं, आत या."

"कशाला?"

"आत या म्हणते ना."

आजवर या आवाजात ती वन्संशी बोलली नव्हती. वन्सं उठल्या. आत आल्या, सवयीनं पाठ करून उभ्या राहिल्या, कपडे उतरवले. वहिनीनं मागून हुक लावले, पट्ट्या सारख्या केल्या आणि त्यांचे खांदे धरून त्यांना आरशाकडे वळवलं.

ब्रा अशी बसली की जणू अंगावरच विणली होती. कुठं सुरकुती नाही, कुठं काच नाही. आणि आरशात सासूबाई उभ्या होत्या. तोच पाठीचा बाक, तीच गळ्याखालची हाडं, तोच डावा खांदा खाली सोडलेला. लेक चालत चालत आईच्या वयाला येऊन पोचली होती आणि आईचं अंग वाटेत तिची वाट बघत थांबलं होतं.

वहिनीनं बाजूचा तुकडा सारखा करायच्या निमित्तानं डावीकडे हात नेला. वन्संनी तिचं मनगट धरलं.

"तिथं नको."

वहिनीनं हात मागं घेतला नाही. "वन्सं, उभीत गाठ कुणी ठेवली?"

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी गाडी ढकलत गेलं. चाकांचा आवाज दूर गेला तेव्हा वन्संनी तिचं मनगट सोडलं.

"एवढे दिवस लागले तुला विचारायला," मग त्या म्हणाल्या. "मी रोज बघत होते. आज पिंजून टाकेल, उद्या टाकेल."

"तुम्ही ठेवलीत? पण तुमचे डोळे, बोटं..."

"टाके घालायला डोळे कशाला? आईनं शिकवलेत. हाताला पाठ आहेत."

"तोंडानं सांगायचं होतं हो."

"या घरात? कुणी सांगितलंय आजवर? आईनं सांगितलं?"

वहिनीनं पडद्याची दांडी धरली. "तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्यासमोर भरली तिनं. म्हणाली, वहिनीच्या हाताला लागेल, ती विचारेल, मग बघू. दुसऱ्या दिवशी म्हणाली, वहिनीनं साफ केली, देवाची तशीच इच्छा असेल."

"मला कापूस वाटला, वन्सं. देवाशप्पथ कापूस वाटला."

"तुला कापूस वाटला. मला तर ठाऊक होतं. मी कुठं तोंड उघडलं? आईनं गप्प राहायला सांगितलं आणि मी शहाण्या मुलीसारखी गप्प राहिले. तू न जाणता पिंजलीस, मी जाणूनबुजून गिळली." वन्संच्या आवाजात टोमण्याचा सूर नव्हता. त्याशिवाय तो आवाज कुणा दुसरीचाच वाटत होता. "माझ्या अंगात लागली तेव्हा मनात म्हटलं, तोंडानं सांगणं मलाही जमायचं नाही, आईसारखी उभीतच भरून वहिनीपुढे ठेवावी. काढून टाकलीस तर मी समजेन काय समजायचं ते. विचारलंस तर जाईन डॉक्टरकडे."

"आणि मी विचारलंच नसतं तर?"

"म्हणून तर रोज बघत होते."

वहिनीला राग आला, रडू आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे काहीच करता आलं नाही. तिनं फक्त वन्संच्या पाठीवरचे हुक काढले, एकेक, आणि चादर त्यांच्या खांद्यांवर घातली. मग तिला आठवलं.

"पण खांदा कशाला उतरवलात?"

"कुठला खांदा?"

"उभीचा. डावा."

"मी कूस उसवली, गाठ ठेवली, शिवून टाकली. खांद्याला मी हातही लावला नाही."

दोघींनी एकदमच पडद्याकडे पाहिलं. पलीकडे खोलीत उजेड उतरत चालला होता. मशीन बंद होती, आणि काहीतरी कापडाला कापड घासल्यासारखं, अगदी हळू, ऐकू येत होतं.

"वहिनी," वन्सं म्हणाल्या, "आजच जाता येईल का गं?"

सूनबाईला सांगितलं तेव्हा तिनं एकही प्रश्न विचारला नाही. फोन उचलला, बायकांच्या डॉक्टरकडे सकाळची पहिली वेळ घेतली, आणि मग डोळे पुसत म्हणाली, "आत्या, तुम्ही दोघी म्हणजे ना... जगाला वाका म्हणायचं, आणि स्वतः ताठ."

"आता झोडप," वन्सं म्हणाल्या. "तुझाच काय तो वार राहिला होता."

उजेड होता तोवर वहिनीनं ती ब्रा परत मशीनवर घेतली. वन्संचे हात मागं जात नसत. आजवर त्या कशा हुक लावत होत्या, हे कुणी विचारलं नव्हतं. पुढं लावून मग फिरवून घेत असणार, आणि फिरवताना दर वेळी त्या जागेला घासत असणार. वहिनीनं पाठीचं सगळं उसवून सलग केलं, पुढं रुंद पट्टी घातली आणि आखडलेल्या बोटांनाही धरता येतील असे मोठे हुक लावले. डाव्या बाजूच्या अस्तराची शिवण बाहेरून घेतली, आत टोचू नये म्हणून. शिवताना ती भजन म्हणत नव्हती. पाठीमागे उभी होती, आणि आज वहिनीला तिच्याकडे वळून बघावंसं वाटलं नाही, पण उठून जावंसंही वाटलं नाही. एकदा तिनं खालमानेनं म्हटलं, "विचारलं मी." मागून येणारा कापड घासल्याचा आवाज तेवढ्यापुरता थांबला.

दवाखान्यात सकाळी गर्दी नव्हती. पांढऱ्या भिंती, प्लास्टिकच्या खुर्च्या, कुठंतरी नळ ठिबकत होता. वन्संना नावानं हाक मारली गेली तेव्हा त्या एकदम दचकल्या. किती दिवसांत कुणी तसं बोलावलं नव्हतं.

"मी इथंच आहे," वहिनी म्हणाली.

"तू कुठं जाणार," वन्सं म्हणाल्या आणि आत गेल्या. दार लागलं.

वहिनी खुर्चीत बसली. समोरच्या काचेत तिचं प्रतिबिंब होतं. त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर कुणी बसलंय की काय, असं तिला वाटत होतं. एक खांदा खाली सोडून, पिशवी मांडीवर घेऊन, कुणीतरी. तिनं मान वळवली नाही. शेजारी बसायचं तर बसा, असं तिनं मनात म्हटलं. तुमचीही वेळ कुणी घ्यायला हवी होती.

दार किलकिलं झालं आणि आतून वन्संचा आवाज आला. "वहिनी, आत ये जरा."

वहिनी उठली. "हुक निघत नाहीत का?"

"निघालेत. सोपे आहेत. तरी ये."

आत डॉक्टरीणबाई हात धुऊन उभ्या होत्या. वन्सं टेबलावर पडल्या होत्या, चादर कमरेपर्यंत, ब्रा दोन्ही बाजूंना उघडलेली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पाठ केली नव्हती. वहिनीचे डोळे सवयीनं भिंतीकडे गेले. तिनं ते परत आणले.

"मी यांना सांगितलंय," वन्सं डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "आमच्या वहिनीचा हात पारखी आहे. आधी तिला बघू द्या, मग तुम्ही."

डॉक्टरीणबाईंनी एक पाऊल मागं घेतलं.

वन्संनी वहिनीचा हात धरला आणि स्वतःच नेऊन ठेवला, डाव्या बाजूला, आत खोल. ती तिथं होती. कापसासारखी नव्हती. गरम होती आणि तिच्याभोवती एक माणूस श्वास घेत होतं. वहिनीनं बोटं सपाट ठेवली. दाबलं नाही, कुरवाळलं नाही.

"लागली?" वन्संनी विचारलं.

"लागली," वहिनी म्हणाली. "आहे."

वन्संनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे वाहत गेलं. डॉक्टरीणबाई जवळ आल्या, म्हणाल्या, "आता मला बघू द्या. किती वेळेवर आलात, ते तपासणी सांगेल."

वहिनी बाजूला झाली, पण हात तिनं सोडवून घेतला नाही. वन्संची आखडलेली बोटं तिच्या बोटांत तशीच होती.